घरच्या उजेडातली बाहुली

समजा, तुमच्यापुढं एक काळी चकती ठेवली आहे. शर्टाच्या बटणाएवढी, मोजली तर साडेअकरा मिलिमीटर भरेल. हातात मोजके केस असलेला ब्रश आहे. समोर, तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून, एक माणूस बसलाय. त्याला एक डोळा आहे आणि एक नाही. जो आहे त्याच्याकडे बघून जो नाही तो तुम्हाला रंगवायचाय.

तुम्ही म्हणाल, तपकिरी डोळा तर तपकिरी रंग, त्यात काय मोठंसं? मग जरा आणखी जवळ सरका. लांबून तपकिरी दिसतं ते जवळून तपकिरी राहत नाही. कडेला राखाडी कडं असतं, आत ओल्या मातीचा रंग, त्यात कुठंतरी शेवाळ, आणि अगदी मध्ये, बाहुलीच्या भोवती, विटेचा चुरा सांडल्यासारखं काहीतरी. हे सगळं काडी काडीनं मांडायचं. एक थर वाळला की दुसरा. प्रत्येक थरावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघायचं, कारण शेवटी वर पारदर्शक घुमट चढतो आणि त्याच्याखाली रंग गडद होतो. थेंबातून बरोबर दिसला तरच बरोबर.

आणि हे सगळं जमलं, तरी बाहुली उरतेच. खऱ्या डोळ्याची बाहुली उन्हात मोहरीएवढी होते आणि तिन्हीसांजेला मिरीएवढी. तुम्ही रंगवलेली मात्र जशी रंगवली तशीच राहणार, उन्हात, सावलीत, लग्नात, मयतीत. म्हणजे आधी ठरवायला हवं, हा माणूस कुठल्या उजेडात जगतो? एकच उजेड निवडता येतो.

हे काम पेंटर सोळा वर्षं करतोय. हॉस्पिटलात त्याला सगळे पेंटरच म्हणतात. भिंती रंगवणारा खरा पेंटर येतो त्या दिवशी गोंधळ होतो, तेवढाच.

त्याआधी तो चिनीमातीच्या कारखान्यात होता. बश्यांवर गुलाबाच्या कळ्या काढायचा. एका बशीवर तीन कळ्या, दिवसाला दोनशे बश्या. बायको सांगायची, लग्न झालं तेव्हा झोपेतही याची बोटं चादरीवर कळ्या काढत असायची. पुढे मुलगी झाली. घरभर गरागरा फिरायची म्हणून भिंगरी हेच नाव पडलं. भिंगरी साडेतीन वर्षांची असताना आजार झाला आणि जीव वाचवायला डावा डोळा काढावा लागला. जखम भरल्यावर हॉस्पिटलातल्या एका माणसानं खण उघडला, चपलेसारखे मापाचे डोळे लावून बघितले आणि त्यातल्या त्यात बसला तो दिला. घरी आल्यावर पेंटर दोन दिवस पोरीकडे बघत राहिला. एका बाजूनं बघितलं तर ती त्याची मुलगी होती, दुसऱ्या बाजूनं कुणा भलत्याचीच.

तिसऱ्या दिवशी तो त्या माणसाकडे परत गेला. त्याला मास्तर म्हणत. "मी ब्रश धरतो," पेंटर म्हणाला, "मला शिकवा."

मास्तरांनी एक चकती दिली. "ही घे. बिघडवून आण."

त्यानं चाळीस बिघडवल्या. एक्केचाळिसावी उजेडाकडे धरून मास्तर म्हणाले, "ही जरा कमी बिघडलीय. ये उद्यापासून." गुलाबाच्या कळ्या तिथंच संपल्या.

मास्तर आता नाहीत. त्यांचं एक वाक्य मात्र पेंटरच्या टेबलासमोर अजून बसून असतं: फोटोवरून रंगवायचं नाही, आणि आठवणीवरून तर मुळीच नाही.

घरी कुणी नवखा पाहुणा आला आणि "तुमची चित्रं कुठं बघायला मिळतील?" असं विचारलं, की बायको चहा ओतता ओतता सांगायची, "बाजारात जा, समोरून येतील." पेंटर हसायचा. त्याच्या मते चांगलं चित्र एकच, जे कुणाच्या लक्षातच येत नाही.

इतरांचे डोळे तो हॉस्पिटलात करायचा. भिंगरीचा मात्र घरी, सुट्टीच्या दिवशी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. समोर शेजारच्या घराची भिंत होती. तिच्यावरून घरंगळत येणारा उजेड मऊ, थोडा अंधारलेला, दिवसभर एकसारखा. पोर वाढते तसा डोळा लहान पडतो. म्हणून चौथ्या वर्षी एक केला, मग सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या आणि अठराव्या. प्रत्येक वेळी तीन तास. डोकं हलवायचं नाही, तोंड चालवायला हरकत नाही, असा नियम होता.

आणि भिंगरी तोंड चालवायची. एरवी बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "हो". पण त्या तीन तासांत, बापाचं नाक तिच्या नाकापासून वीतभर लांब असताना, ती सगळं सांगायची. सहाव्या वर्षी सांगितलं, वर्गातल्या कुणाला ती चावली आणि का. नवव्या वर्षी कबूल केलं की मामाच्या पाण्याच्या ग्लासात डोळा तिनंच टाकला होता आणि मामा तीन दिवस पाणी प्यायला नव्हता. बाराव्या वर्षी म्हणाली, शाळेच्या फोटोत मी मागच्या रांगेत उभी राहते, उंच आहे म्हणून नाही. पंधराव्या वर्षी म्हणाली, मला उजेडाचंच शिकायचंय. भिंगं, किरण, तसलं.

अठराव्या वर्षी, कॉलेजसाठी परगावी जायच्या आठवडाभर आधी, ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बाबा, तिथं मी कुणाला सांगणार नाहीये."

"नको सांगूस."

"कळलं तर?"

पेंटरनं थेंब पुसला, पुन्हा ठेवला, बघितला. "कळणार नाही," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाला एवढी ठाम हमी दिली नव्हती.

ती गेली. पहिल्या सत्रानंतर चार दिवस येऊन गेली आणि नंतर एकोणीस महिने आली नाही. कधी परीक्षा, कधी प्रकल्प, कधी सुट्टीतच लॅबचं काम. फोन करायची तोही मेसकडे चालता चालता. धापा टाकत बोलायची आणि मेस आली की ठेवायची.

डोळा वर्षातून एकदा घासून चकचकीत करावा लागतो, नाहीतर मंद पडतो. हे तिला माहीत होतं. पेंटर फोनवर म्हणायचा, "पॉलिश राहिलंय." ती म्हणायची, "हो बाबा, आले की." संवाद संपला.

घर तेवढंच होतं, पण आवाज उरले नव्हते. सुट्टीच्या दिवशी पेंटर खिडकीपाशी बसायचा आणि समोर भिंगरीची खुर्ची मांडायचा. बायकोनं दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "रिकाम्या खुर्चीसमोर काय बसलाय? नाटक सुरू व्हायचंय का?"

"तिचा डोळा जुना झाला असेल. नवा करून ठेवतो."

"ती समोर नसताना?"

पेंटरनं ब्रश ओला केला. मास्तरांचं वाक्य इथंही समोर येऊन बसलं. तरी त्यानं आठवणीवरून पहिली चकती रंगवली. मनासारखी झाली नाही. दोन महिन्यांनी दुसरी केली. ती थोडी बरी वाटली. असं करत करत नऊ झाल्या. कापसावर ओळीनं ठेवल्या आणि गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत बंद केल्या. नववी सगळ्यांत चांगली होती, असं त्याचं ठाम मत होतं.

शेवटी बायकोनंच ठरवलं. "ती येत नाही तर आपण जाऊ. आमंत्रणाची वाट बघायला आपण काय व्याही आहोत?"

बसचा प्रवास सात तासांचा. डबी पेंटरच्या मांडीवर होती.

हॉस्टेलच्या दारात वहीत सह्या घेतल्या आणि भेटीच्या खोलीत बसवलं. लांबलचक खोली, पांढऱ्या भिंती, छताला सहा ट्यूबलाइट, भरदुपारी सगळ्या चालू. टेबलावर पाण्याची बाटली ठेवली तर तिची सावलीसुद्धा पडेना. पेंटरनं सवयीनं खिडकी शोधली. होती, पण वर, छताजवळ, हवा येण्यापुरती.

भिंगरी दारातून आली. आईनं उठून तिला कवेत घेतलं. "किती वाळलीस गं."

"मागच्या वेळी जाड म्हणालीस, आई."

"तेव्हा जाड होतीस."

पेंटर बसूनच राहिला. भिंगरीच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला एक बारीक लाल शीर आहे, पुढे जाऊन तिचे दोन फाटे होतात. डाव्या डोळ्यात तो ती लाल रेशमाचा तंतू चिरून बसवायचा. सहाही वेळा बसवली होती. आता सहा पावलांवरून त्याला दिसलं, की डावीकडची शीर सरळ गेलीय. फाटे नाहीत.

हा डोळा त्याचा नव्हता.

"बाबा, प्रवास कसा झाला?"

"झाला," पेंटर म्हणाला आणि डबी खिशात घातली.

तासभर आईच बोलली. शेजारणीचा गुडघा, गळणारा नळ, मामाची नवी स्कूटर. भिंगरी खाऊच्या डब्यातून एकेक तोंडात टाकत हसत होती. हसताना बापाकडे बघायची आणि लगेच आईकडे वळायची. पेंटर तिच्याकडे बघत नव्हता. सोळा वर्षांत पहिल्यांदाच मुलीच्या चेहऱ्याकडे कसं बघावं हे त्याला सुचत नव्हतं.

"अहो, काढा की ती डबी," बायको म्हणाली. "सात तास मांडीवर धरून बसला होता, अंडी उबवल्यासारखी."

"राहू दे. मग बघू."

"मग म्हणजे कधी? पाचला बाहेर काढतील आपल्याला." आणि तिनं त्याच्या खिशात हात घालून डबी काढली, उघडली, टेबलावर ठेवली. "बघ. दर दोन महिन्यांनी एक. माणूस वेडा आहे, पण बघ."

भिंगरीनं बघितलं. खाणं थांबलं. तिनं डब्याचं झाकण लावलं, हात पुसले.

"बाबा."

"हं."

"तुम्हाला दिसलं ना?"

"दिसलं."

"कधी?"

"दारातून आलीस तेव्हाच."

"काय दिसलं?" आई म्हणाली. "मलाही सांगा कुणीतरी. मी काय बसची कंडक्टर आहे?"

"आई, मी डोळा बदललाय. आठ महिने झाले."

मग तिनं सांगितलं. ती सायकलवरून पडली होती. विशेष काही नव्हतं, कोपर खरचटलं. पण बरोबर जी मैत्रीण होती तिनं नुकताच प्रथमोपचाराचा वर्ग केला होता आणि कधी एकदा कुणी पडतंय याची ती वाटच बघत होती. तिनं टॉर्च काढला. डोळ्यांवर मारला. एक बाहुली लहान, एक मोठी. आणि मोठी हलतच नाही.

"पुस्तकात लिहिलंय म्हणे, असं झालं की मेंदूला मार. मला उठूच देईना. दोन मुलांनी ड्रॉइंगची फळी आणली, चौघांनी मला तिच्यावर घातलं आणि निघाली वरात दवाखान्याकडे. मी सांगतेय, अरे मला काही झालेलं नाही. तर ती सगळ्यांना सांगते, 'लक्ष देऊ नका, असेच बरळतात.'"

आईनं तोंडावर हात धरला, पण हसू आवरेना. "मग?"

"मग काय, डॉक्टर आले. मागे दहा-बारा जणं. तेही टॉर्च काढायला लागले. तेव्हा म्हटलं, थांबा. तो डोळा माझ्या बाबांनी रंगवलाय."

आई डोळे पुसत हसत होती. पेंटरही हसला, पण दोन क्षण उशिरा. त्यानं वर सहा ट्यूबलाइटकडे बघितलं. मग मुलीकडे, आता नीट. उजवी बाहुली मोहरीएवढी होती. डावीही मोहरीएवढी. त्यानं रंगवलेली इथं मिरीसारखी दिसली असती.

"इथं सगळीकडे असाच उजेड असतो?"

"सगळीकडे. वर्गात, लॅबमध्ये, मेसमध्ये. फळी प्रकरण नंतरचं, बाबा. त्याआधी वर्षभर लोक बघत होते. काय बघतोय ते त्यांना कळत नव्हतं, पण बघायचे."

कळणार नाही, असं तो म्हणाला होता.

"मला सांगायचं होतंस."

भिंगरी बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिली. "तुम्ही म्हणाला असता, ये. मी आले असते. तुम्ही त्याच खिडकीपाशी बसवलं असतं. मग मला सांगावं लागलं असतं, की खिडकीच चुकलीय." तिनं झाकण घट्ट लावलं. "ते नाही जमलं मला."

वरची एक ट्यूब बारीक गुणगुणत होती.

"इकडे बघ," पेंटर म्हणाला. ती वळली. त्यानं खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लागला. त्यानं तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि दुसऱ्याचं काम तपासावं तसं तपासलं. कडं, माती, शेवाळ, विटेचा चुरा. सगळं जागच्या जागी होतं.

"चांगलं काम आहे," तो म्हणाला. "शीर चुकलीय, पण ती मलाच दिसणार. कुणी केलं?"

"इथल्या हॉस्पिटलात एक बाई आहेत. तुमच्याच वयाच्या. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, दिवसातला जास्त वेळ कुठं जातो? म्हटलं, लॅबमध्ये. तर एक दिवस लॅबमध्ये येऊन उजेड बघून गेल्या."

सोळा वर्षांत पेंटरनं हे कुणालाच विचारलं नव्हतं. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी जो येईल त्याला हॉस्पिटलच्या खिडकीचा उजेड.

"हातानं केलं?"

"हातानंच."

"किती वेळ बसवलं?"

"तीन तास झाले असतील."

पेंटरनं मान हलवली आणि हनुवटीवरची बोटं काढून घेतली.

मग भिंगरीनंच डबी पुढे ओढली. नऊ चकत्या टेबलावर ओळीनं मांडल्या, बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन करंगळीनं एकेकीवर थेंब ठेवला. लहानपणी बघून बघून शिकलेली होती. फोनचा आरसा करून एकदा स्वतःच्या उजव्या डोळ्यात बघायची, एकदा चकतीकडे.

"हा पहिला जवळ आहे," ती म्हणाली. "हा दुसराही. पुढे फिकट होत गेलेत बघा. मधासारखे." ती शेवटच्या चकतीवर वाकली. "बाबा, हा तर मी पहिलीत असतानाचा."

पेंटरनं बघितलं. खरंच होतं. नववी चकती, सगळ्यांत चांगली, ती समोर बसलेल्या वीस वर्षांच्या मुलीची नव्हतीच. ती कुणाला चावली आणि का, हे सांगणाऱ्या मुलीची होती. दर दोन महिन्यांनी त्याला वाटत होतं, जमत चाललंय.

"हा मला द्या ना," भिंगरी म्हणाली.

"चुकलेलं काम मी देत नाही."

"द्या हो," बायको म्हणाली. "मोठे आले."

पण त्यानं नऊच्या नऊ पुसून डबीत भरल्या.

पाचला घंटा झाली. "एक मिनिट," म्हणून भिंगरी वर धावली आणि परत आली ती मुठीत काहीतरी घेऊन. रुमालात गुंडाळलेला तिचा अठराव्या वर्षीचा डोळा. तिनं तो बापाच्या तळहातावर ठेवला. "पॉलिश करून ठेवा. सुट्टीत आले की घरी हाच घालेन. घरच्या उजेडात बरोबर दिसतो."

"सुट्टी कधी?" आईनं विचारलं.

"बघते."

येताना बसमध्ये बायको म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. चपला नाही का आपण तिथल्या तिथं घेत?" थोड्या वेळानं तिनं त्याच्या मुठीवर हात ठेवला आणि तो वाटभर तसाच राहू दिला.

आता पेंटर येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "दिवसातला जास्त वेळ कुठं जातो?" लोक चक्रावतात. एका बेकरीवाल्यानं सांगितलं, भट्टीपुढं. तर पेंटर त्याच्या बेकरीत जाऊन स्टुलावर तासभर बसला आणि भट्टीचा तांबूस उजेड बघून आला. त्या माणसाचा डोळा इतका जुळला, की आता त्याच्या बायकोलाही खरा कुठला ते चटकन सांगता येत नाही. पेंटर हे विचारणं त्या परगावच्या बाईंकडून शिकला. त्यांना ते माहीत नाही.

भिंगरीचा डोळा पॉलिश होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत, बशीत ठेवलाय. बशी कारखान्यातली, तीन कळ्यांची. बाहुली मिरीएवढी, त्या खिडकीच्या उजेडाला अगदी बरोबर. चार महिने झाले. बायको रोज बशीखालची धूळ पुसते आणि बशी जागच्या जागी ठेवते.

भिंगरीचा फोन येतो. "जेवलीस?" "हो." मागे मेसमधल्या ताटांचा आवाज येतो. दर वेळी एक प्रश्न पेंटरच्या ओठांवर येतो आणि तो फोन बायकोकडे देतो. त्या बाईंनी रंग कुठले वापरले, हे त्याला विचारायचं नसतं. ते त्यानं बघितलंय. बाहुलीचंही नसतं, तेही कळलंय. पण तीन तास ती त्यांच्यासमोर बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. डोकं हलवायचं नाही, तोंड चालवायला हरकत नाही.

त्या तीन तासांत ती काय काय बोलली असेल?